‘सर्व संबंधितांना कळवले’ : कंपनीतली माहिती कुणी, कुणाला आणि कशी द्यावी?

सूक्ष्ममापी

नमस्कार मंडळी. मी एका ऑटो कंपोनंट कंपनीत क्वालिटीला आहे. आमचे तीन प्लांट : चाकण, वाळूज आणि नाशिकला अंबड. गेल्या आठवड्यात साहेबांनी बोलावून सांगितलं की कंपनीतल्या कंपनीत माहिती कशी द्यायची-घ्यायची याचे नियम लिहून काढ, दोन पानांत बसव, महिनाअखेर पाहिजेत. ऑडिटला दाखवायला एक कागद मी उद्यासुद्धा करून देईन. पण या वेळी मला तसं करायचं नाही. का, ते सांगतो.

आम्ही शाफ्ट इंडक्शन हार्डनिंग करतो, म्हणजे विजेने तापवून आणि एकदम गार करून वरून कडक करतो. शाफ्ट लालबुंद तापला की त्यावर पॉलिमर मिसळलेल्या पाण्याचा फवारा पडतो, याला क्वेंच म्हणतात. पॉलिमर कमी झालं तर शाफ्ट फार झपाट्याने गार होतो आणि त्याला चीर जाते. म्हणून ऑपरेटर दर शिफ्टला रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या उपकरणाने पॉलिमरची टक्केवारी बघतो. जास्त दिसली तर पाणी घालतो, कमी दिसली तर पॉलिमर. फेब्रुवारीत वाळूजला मशीनचं एक सील गळलं आणि हायड्रॉलिक तेल टाकीत उतरायला लागलं. त्या तेलामुळे रिफ्रॅक्टोमीटर टक्केवारी खोटीच जास्त दाखवू लागला. ऑपरेटर नियमाप्रमाणे पाणी घालत राहिला. खरं पॉलिमर रोज कमी होत गेलं आणि शाफ्टना चिरा जायला लागल्या. वाळूजच्या पोरांनी बारा दिवसांत मूळ शोधून काढलं. आठवड्यातून एकदा द्रावणाचा दाटपणाही मोजायचा, म्हणजे नुसत्या रिफ्रॅक्टोमीटरवर विसंबायला नको, असा उपाय केला. फार चांगलं काम होतं ते. एट-डी रिपोर्ट, म्हणजे दोषाचं मूळ आणि उपाय आठ टप्प्यांत लिहायचा अहवाल, बंद झाला.

जूनमध्ये चाकणला, म्हणजे आमच्याकडे, हेच घडलं. तेच सील, तेच तेल, तीच खोटी टक्केवारी, तेच पाणी. फरक इतकाच की आमचा माल कस्टमरच्या लाइनपर्यंत गेला. आम्ही आठ जण तीन दिवस कस्टमरच्या यार्डात सॉर्टिंग करत होतो. काळा पडदा लावलेल्या शेडमध्ये यूव्ही दिव्याखाली शाफ्ट हातात घेऊन सावकाश फिरवायचा. चीर असली की ती हिरवी पेटल्यासारखी दिसते. नखाच्या कडेएवढी, शाफ्टची जाडी बदलते त्या खांद्यापासून जेमतेम इंचभर आत. दिवसाउजेडी तोच शाफ्ट हातात घेतला तर काही म्हणजे काही दिसत नाही.

वाळूजच्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, "अरे, हे आम्ही फेब्रुवारीतच काढलं होतं. कळवलं होतं की सगळ्यांना." रिपोर्ट उघडला. सातव्या टप्प्यात, जिथे ‘असंच काम दुसरीकडे कुठे चालतं का, तिथे काय केलं’ हे लिहायचं असतं, तिथे तीनच शब्द होते : सर्व संबंधितांना कळवले. मेल शोधला. त्रेचाळीस जण सीसीमध्ये, विषयाच्या जागी नुसता रिपोर्टचा नंबर. तो मेल माझ्याच मेलबॉक्समध्ये होता. न उघडलेला.

दुसरी गोष्ट त्याच जून महिन्यातली. एका सहकाऱ्याने रजेच्या अर्जासोबत मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी जोडली होती. कुणीतरी त्या अर्जाचा फोटो काढून ‘शिफ्ट प्लॅनिंग’च्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. हेतू वाईट नव्हता, बदली माणूस हवा होता इतकंच. दहा मिनिटांत तिन्ही प्लांटना कळलं. तो परत आल्यापासून कँटीनमध्ये एकटा बसतो.

जे तिन्ही प्लांटना कळायलाच हवं होतं ते चार महिने एका डब्यात पडून राहिलं आणि जे कुणालाच कळायला नको होतं ते दहा मिनिटांत पोचलं. मला नियम या दोन्हींसाठी लिहायचे आहेत. तुमच्याकडे काय पद्धत आहे? कागदावर काय आहे ते नको, प्रत्यक्षात काय चालतं ते सांगा.

---

जुनाबॉयलर

धागा फार महत्त्वाचा आहे. मी निवृत्त इंजिनिअर, पस्तीस वर्षं प्लांटमध्ये काढली. तुमचं वाचताना मला सारखा अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राचा अपघात आठवत होता. तो अपघात पुष्कळांना माहीत असतो, त्याच्या आधीची दीड वर्षं कमी जणांना.

२४ सप्टेंबर १९७७ ला अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रात दाब सोडणारी एक झडप उघडी अडकली. आतलं पाणी बाहेर जात होतं, पण ऑपरेटरना ज्या काट्यावर भरवसा ठेवायची सवय होती तो पातळी वाढलेली दाखवत होता. म्हणून त्यांनी आपत्कालीन पाणी बंद केलं. अणुभट्टी तेव्हा अगदी कमी शक्तीवर चालू होती आणि कुणाच्या तरी लवकर लक्षात आलं, म्हणून निभावलं.

अणुभट्टी बनवणारी कंपनी होती बॅबकॉक अँड विल्कॉक्स. तिच्याच इंजिनिअरांनी हे ओळखलं. अशा वेळी पाणी लवकर बंद करू नका असं सगळ्या ग्राहकांना कळवा, अशी टिपणं त्यांनी १९७७ च्या नोव्हेंबरमध्ये आणि पुन्हा १९७८ च्या फेब्रुवारीत लिहिली. टिपणं कंपनीतल्याच दुसऱ्या विभागाकडे गेली. त्या विभागाला एक शंका आली, ती विचारली गेली, उत्तर नीट आलं नाही आणि विषय तिथेच लोंबकळत राहिला. लिहिणाऱ्यांना वाटलं, आपण कळवलं. ज्यांच्याकडे गेलं त्यांना वाटलं, अजून ठरायचंय.

२८ मार्च १९७९ ला पेनसिल्व्हेनियात, थ्री माइल आयलंडला, तसलीच झडप तशीच अडकली, ऑपरेटरांनी तेच केलं. या वेळी अणुभट्टी जवळजवळ पूर्ण शक्तीवर होती. गाभ्याचा निम्म्याच्या आसपास भाग वितळला. पुढे राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या केमेनी आयोगापुढे ही टिपणं आली.

तुमचा रिफ्रॅक्टोमीटर आणि त्यांचा पातळीचा काटा, दोन्हीकडे माणसाने आकड्यावर विश्वास ठेवून नियमाप्रमाणेच काम केलं. म्हणून मी सांगेन, नियमांत पहिली ओळ ही घाला : माहिती पाठवली की काम संपलं असं समजायचं नाही. पलीकडच्या माणसाने ‘वाचलं, आमच्याकडे अमुक केलं’ किंवा ‘आमच्याकडे लागू नाही, कारण अमुक’ असं लिहून दिलं की संपलं.

---

रातराणी

जुनाबॉयलर काका, अगदी हेच. मी नर्स आहे, सरकारी नाही, खाजगी रुग्णालयात. आमच्याकडे पाळी देताना नुसतं रजिस्टर पुढे सरकवून चालत नाही. दोघी बेडजवळ उभ्या राहतो. जाणारी सांगते, येणारी ऐकते. डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितलं तर लिहून घेऊन, औषधाचं नाव आणि मात्रा त्यांना परत वाचून दाखवायची, त्यांनी ‘बरोबर’ म्हटलं तरच द्यायचं. पंधरा आणि पन्नास फोनवर सारखे ऐकू येतात हे ज्याने एकदा अनुभवलंय तो परत वाचून दाखवण्याचा कंटाळा करत नाही.

सांगण्याचा क्रमही ठरलेला असतो : आत्ता काय चाललंय, मागचं काय, मला काय वाटतं, तुम्ही काय करावं. ही पद्धत मूळ अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवरची, तिथून रुग्णालयांत आली. शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. ‘पेशंट अस्वस्थ आहे’ असं सांगून सोडलं तर ऐकणारा हो म्हणतो आणि विसरतो. ‘तुम्ही पाच मिनिटांत येऊन बघा’ म्हटलं तर येतो. तुमच्या त्या मेलमध्ये ‘चाकण आणि अंबडने टाकीत तेल आहे का ते बघा’ एवढं एक वाक्य वर असतं ना, तर तुम्ही उघडला असतात.

आणि त्या दादांबद्दल वाचून वाईट वाटलं. त्यांच्याशी कुणी बोललं का?

---

सूक्ष्ममापी

काका, ताई, मनापासून आभार. डेव्हिस-बेसीचं मला माहीत नव्हतं. दोनदा वाचलं.

ताई, मी बोललो. सोमवारी त्याच्या टेबलावर जाऊन जेवलो. फार काही बोलणं झालं नाही. फोटो टाकणाऱ्याने त्याची माफी मागितली आहे. पण ग्रुपमधून फोटो काढला म्हणून लोकांच्या डोक्यातून निघत नाही.

---

तटबंदी

मी एका वित्तसंस्थेत सायबर सुरक्षेत आहे. थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नका.

इथे सगळे ‘माहिती फिरली पाहिजे’ म्हणताहेत. आमचा अनुभव असा की गरजेपेक्षा जास्त माणसांकडे गेलेली प्रत्येक फाइल म्हणजे चोराला आणखी एक दार. एका माणसाचा पासवर्ड गेला की त्याच्या मेलबॉक्समधलं सगळं गेलं. त्रेचाळीस सीसी म्हणजे त्रेचाळीस दारं. म्हणून आमच्याकडे नियम असा आहे की ज्याला कामासाठी लागतं त्यालाच द्यायचं.

सायबर क्षेत्रात ट्रॅफिक लाइट प्रोटोकॉल म्हणून एक पद्धत आहे, ती बघा. माहितीच्या डोक्यावरच रंग लिहायचा. लाल म्हणजे समोर बसलेल्यांपुरतं. अंबर, म्हणजे पिवळसर, म्हणजे आपल्या संस्थेत आणि तिच्या ग्राहकांत, ज्यांना लागतं त्यांना. हिरवा म्हणजे आपल्या क्षेत्रातल्या मंडळींत. चौथा आधी पांढरा होता, २०२२ पासून त्याला ‘क्लिअर’ म्हणतात, ते कुणालाही सांगता येतं. फायदा असा की देणारा ठरवतो आणि घेणाऱ्याला विचारत बसावं लागत नाही. दुसऱ्याला द्यायचं असेल तर आधी देणाऱ्याची परवानगी.

मात्र एका बाबतीत आम्हीही उलट वागतो. हल्ला झाल्याचं कळलं की लपवायचं नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे तिला सहा तासांत कळवावं लागतं. पहाटे तीनला एखाद्या कारकुनाने चुकीच्या लिंकवर क्लिक केलं, तर त्याने तीन वाजून पाच मिनिटांनी आम्हाला फोन करावा अशी आमची इच्छा असते. तो घाबरून सकाळपर्यंत गप्प बसला की सहा तासांचं गणित बिघडतं आणि चोराला रात्र मिळते. म्हणून आपणहून फोन करणाऱ्याला आम्ही कधीच बोल लावत नाही.

---

तिसरीपाळी

मी मशीनवर आहे. अठरा वर्षं. युनियनचंही थोडं काम बघतो. सगळ्यांचं वाचलं, पण एक गोष्ट कुणीच बोललं नाही.

ज्याने पाणी घातलं त्याच्याकडे ई-मेल आयडी आहे का?

आमच्या लाइनवर तीस माणसं. त्यातले नऊ कायम, बाकी कंत्राटी आणि ट्रेनी. मेल फक्त सुपरवायझरला येतो. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये कंत्राटी पोरांना घेत नाहीत, ‘कंपनीची माहिती बाहेर जाईल’ म्हणून. आणि मशीनसमोर तर तीच पोरं उभी असतात. कुणी बीडचं, कुणी परभणीचं, कुणी बिहारचं. सूचना लावली तर इंग्रजीत, ए-फोर कागदावर, बारीक अक्षरात, काचेच्या आत. त्या काचेची किल्ली एचआरकडे.

सूक्ष्ममापी साहेब, तुमच्या वाळूजच्या ऑपरेटरला टाकीत तेलाचा तवंग दिसला नसेल असं मला वाटत नाही. तेल वर तरंगतं. दिसतंच. त्याने तो कुणाला सांगितला आणि त्यावर काय झालं, हे तुमच्या रिपोर्टमध्ये आहे का? आम्ही सांगतो. तीनदा सांगतो. चौथ्यांदा सांगत नाही.

भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात बदल केला. धोक्याची माहिती मालकाने कामगारांना दिलीच पाहिजे असं त्यात आलं, आणि धोका दिसला तर कामगाराने सांगायचं हा हक्कही आला. हे युनियनच्या वर्गात आम्हाला शिकवलं होतं. भोपाळला त्या रात्री लोक डोळे चोळत दवाखान्यांत पोचले आणि डॉक्टरांना कुठल्या वायूवर इलाज करायचा तेच ठाऊक नव्हतं. माहिती गेटच्या आत अडली की असं होतं. माहिती वरून खाली यायला कायदा लागला. खालून वर जायला काय लागतं ते तुमच्या दोन पानांत लिहा.

---

चौथागिअर

तिसरीपाळी यांना शंभर टक्के अनुमोदन.

माणूस चौथ्यांदा का सांगत नाही, त्याला जनरल मोटर्सचं इग्निशन स्विचचं प्रकरण बघा. चालत्या गाडीत किल्ली आपोआप फिरायची, इंजिन बंद, एअरबॅगही उघडायची नाही. त्याच्याशी संबंधित १२४ मृत्यूंची भरपाई शेवटी कंपनीच्या निधीतून मंजूर झाली. २००६ मध्ये स्विचचा आतला भाग बदलला, पण पार्ट नंबर तोच ठेवला. पुढे तपास करणारे लोक वर्षानुवर्षं जुना आणि नवा स्विच एकच समजून गोंधळत राहिले. २०१४ च्या चौकशी अहवालात कंपनीतल्याच लोकांनी दोन सवयी सांगितल्या आहेत. बैठकीत सगळ्यांनी मान डोलवायची आणि मग कुणीच काही करायचं नाही, ही एक. हाताची घडी घालून दुसऱ्याकडे बोट दाखवायचं, ही दुसरी.

त्याच वर्षी सरकारी यंत्रणेने २००८ चं एक प्रशिक्षणाचं सादरीकरण उघड केलं. रिपोर्टमध्ये कुठले शब्द वापरायचे नाहीत याची यादी त्यात होती. ‘दोष’ म्हणायचं नाही, ‘डिझाइनप्रमाणे काम करत नाही’ म्हणायचं. ‘प्रॉब्लेम’ नाही, ‘बाब’ म्हणायचं.

आपल्याकडे यादी छापलेली नसते एवढंच. ‘क्रॅक’ लिहू नको, ‘सरफेस ऑब्झर्वेशन’ लिही असं मला माझ्या पहिल्या नोकरीत सांगितलं होतं. मी लिहिलं. वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळलं नसणार, आणि तो दोष माझाच होता. नियमांत हे जरूर असू द्या की चीर असेल तर चीरच लिहायचं. आणि बदल केला तर नंबर बदलायचा.

---

गुलबक्षी

एचआरमध्ये आहे, म्हणून त्या चिठ्ठीबद्दल लिहिते. त्यात चूक आमच्या विभागाची असते हे आधी कबूल करते. अर्ज शिफ्ट इनचार्जकडे जातोच कशाला? त्याला फक्त ‘अमुक माणूस सोमवार ते शनिवार नाही’ इतकंच हवं असतं. कारण एचआरच्या फाइलमध्ये राहू दे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, त्यात रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क स्पष्ट आहे. उपचार करणाऱ्यांवर ते बंधन आहेच, पण आपल्या हातात आलेला कागद आपण त्याच भावनेने जपायला हवा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये तर माहिती नीट न सांभाळल्याबद्दल २५० कोटींपर्यंत दंड आहे. पण दंडाच्या भीतीने नको, तो माणूस कँटीनमध्ये एकटा बसतो एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

आणखी एक. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कलम १६ आहे. तक्रार, तक्रारदार, साक्षीदार, चौकशी यातलं काहीही बाहेर सांगायचं नाही, माहिती अधिकारातसुद्धा नाही. पण त्याच कलमात पुढे म्हटलं आहे की ओळख न देता, न्याय मिळाला हे सांगता येतं. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. तुमच्या तेलाच्या टाकीलाही लागू पडेल. काय घडलं आणि काय बदललं ते सगळ्यांना, कुणाच्या हातून घडलं ते कुणालाच नाही.

---

नेकारकाठ

मी श्टुटगार्टजवळ एका मशीन टूल कंपनीत आहे, मूळची सांगलीची. गुलबक्षी म्हणतात ते इथे कागदातच करून ठेवलंय. आजारी पडलं की डॉक्टरांचं प्रमाणपत्र मिळतं, पण मालकाला जी प्रत जाते तिच्यावर आजाराचं नावच नसतं. किती तारखेपासून किती तारखेपर्यंत, बस. २०२३ पासून तर मालक ते विमा कंपनीकडून ऑनलाइन मागवून घेतो, आपण कागदही द्यायचा नाही. आल्यावर पहिल्यांदा मी साहेबांना सगळं आजारपण सांगायला लागले, तर त्यांनी हात वर करून थांबवलं. "मला ते माहीत असायचं कारण नाही," म्हणाले. मला आधी तुटक वाटलं, नंतर पटलं.

फॉर्ममध्येच ती जागा ठेवू नका. जागा असली की कुणीतरी भरतं.

---

खातेवही

लिस्टेड कंपनीत सचिवीय विभागात आहे. सूक्ष्ममापी, तुमची कंपनी किंवा तिची मूळ कंपनी शेअर बाजारात असेल तर तिसरा कप्पा विसरू नका.

शेअरच्या भावावर परिणाम करू शकेल अशी अजून जाहीर न झालेली माहिती, म्हणजे निकाल, लाभांश, विलीनीकरण वगैरे, ही कंपनीत कुणालाही सहज सांगता येत नाही. सेबीचे २०१५ चे नियम आहेत. कायदेशीर कामासाठीच द्यायची, आणि ज्याला दिली त्याचं नाव आणि पॅन, वेळेच्या नोंदीसह एका डिजिटल वहीत ठेवायचं. ती नोंद मागाहून बदलता येता कामा नये आणि किमान आठ वर्षं जपायची. तिमाही संपली की निकाल जाहीर होऊन ४८ तास होईपर्यंत अशा लोकांना कंपनीचे शेअर घेता-विकता येत नाहीत.

२०१७ च्या सुमाराला मोठमोठ्या कंपन्यांचे निकाल जाहीर व्हायच्या आधीच व्हॉट्सॲपवर फिरत होते. सेबीने चौकशी केली, निरोप पुढे पाठवणाऱ्या काहींना दंड केला. तो रोखे अपील न्यायाधिकरणाने २०२१ मध्ये रद्द केला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तेच कायम राहिलं. आकडे आतूनच आले हे सिद्ध करता आलं नाही. आतून कुणाला काय दिलं याची नोंद नसली की असं होतं. म्हणून मला ती वही कटकट वाटत नाही.

एका मोठ्या कस्टमरची ऑर्डर गेली किंवा एखादा प्लांट बंद व्हायचा आहे, ही तुमच्या शॉपफ्लोअरवर कुजबुज असते, आमच्याकडे ती बाजारावर परिणाम करणारी माहिती असते.

---

मांडवीकाठ

गोव्यात वेर्णा औद्योगिक वसाहतीत औषधाच्या कंपनीत क्वालिटी अ‍ॅशुरन्सला आहे. तुम्हाला जे हवंय ते आमच्याकडे ‘चेंज कंट्रोल’च्या फॉर्ममध्ये आहे, ते उचला.

कुठलाही बदल करायचा म्हटला, अगदी एक गॅस्केट बदलायचं म्हटलं तरी, फॉर्म सगळ्या विभागांकडे फिरतो. प्रॉडक्शन, इंजिनिअरिंग, स्टोअर, लॅब, रेग्युलेटरी. प्रत्येकाने ‘आमच्यावर परिणाम होतो’ किंवा ‘होत नाही’ लिहायचं, आणि ‘होत नाही’ लिहिलं तर का नाही ते लिहायचं. नुसतं ‘एन.ए.’ चालत नाही, इन्स्पेक्टर पहिलं तेच उघडतो. ‘का नाही’ लिहायला बसलं की माणूस विचार करतो. निम्म्या वेळा त्याच्या लक्षात येतं की अरे, होतोय की परिणाम.

दुसरं, दोष सापडून उपाय केला की लगेच फाइल बंद करत नाही. काही महिन्यांनी परत जाऊन बघायचं की उपाय चालला का. तारीख आधीच टाकून ठेवायची. तुमचा फेब्रुवारीचा रिपोर्ट मे महिन्यात कुणी परत उघडला असता तर जून आला नसता.

---

सूक्ष्ममापी

सगळ्यांना एकत्र उत्तर देतो. चार दिवस वाळूजला होतो म्हणून उशीर झाला.

आधी तिसरीपाळी यांना. तुमच्या प्रश्नामुळे मी वाळूजला त्या ऑपरेटरला भेटलो. तुम्ही म्हणालात ते खरं निघालं. त्याला तवंग दिसला होता. शिफ्टच्या रजिस्टरात त्याने लिहिलंही होतं, ग्रीसचे बोट उमटलेल्या पानावर, शाईच्या पेनाने : ‘टाकीत तेल येत आहे’. २८ जानेवारी, ३० जानेवारी आणि २ फेब्रुवारी. शेजारच्या ‘केलेली कार्यवाही’च्या रकान्यात तिन्ही दिवस फक्त सुपरवायझरची सही आहे. ३ तारखेपासून नोंद नाही. तुमचं ‘तीनदा सांगतो’ वाचून गेलो होतो आणि समोर तीनच नोंदी होत्या. मला ते पान पाहवेना. बारा दिवस खपून आम्ही जे शोधून काढलं, ते त्याने आधीच लिहून ठेवलं होतं.

तटबंदी, तुमचा मुद्दा मी डावलत नाही. पण रंग ठरवताना मी एक गोष्ट तुमच्या उलट करणार आहे. बिघाड, थोडक्यात टळलेले अपघात, प्रक्रियेतले बदल हे आमच्या तिन्ही प्लांटमध्ये मुळातच उघडे राहतील, आणि ते बंद ठेवायचे असतील तर कारण लिहून प्लांट हेडची सही लागेल. कस्टमरची ड्रॉइंग, दर, अजून बाजारात न आलेले पार्ट हे अंबर. आमच्या आयएटीएफच्या, म्हणजे वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाच्या, प्रमाणपत्रातही कस्टमरच्या नव्या प्रकल्पांची गुप्तता राखायची अट आहेच. माणसाचं आजारपण, पगार, तक्रार हे लाल, आणि तिथे तुमचाच नियम शब्दशः. खातेवही यांचा कप्पा मी आमच्या फायनान्सकडे पाठवला, तो त्यांनीच लिहावा.

गुलबक्षी आणि नेकारकाठ, रजेच्या अर्जातला ‘कारण’ हा रकाना शिफ्टकडे जाणाऱ्या प्रतीतून काढायला एचआर तयार झालं. एका बैठकीत झालं. इतकं सोपं होतं हे बघून जास्त वाईट वाटलं.

सातव्या टप्प्यातलं ‘सर्व संबंधितांना कळवले’ हे वाक्य आता चालणार नाही. तिथे तीन ओळी असतील, प्रत्येक प्लांटची एक. प्रत्येक ओळीत एका माणसाचं नाव, विभागाचं नाही. त्याने सात दिवसांत ‘लागू’ लिहून काय केलं ते, किंवा ‘लागू नाही’ लिहून का नाही ते लिहायचं. तिन्ही उत्तरं येईपर्यंत रिपोर्ट उघडा. नव्वद दिवसांनी परत बघायची तारीख त्याच पानावर. आणि मेलच्या पहिल्या ओळीत ताईंनी सांगितलं तसं : तुम्ही काय करायचं आहे.

---

तिसरीपाळी

साहेब, त्या पोराला भेटलात, बरं वाटलं. पण तुमच्या मसुद्यात तो अजून नाही. तीन प्लांटची तीन नावं आली, ती सगळी ऑफिसातली. रजिस्टरचं काय?

---

जुनाबॉयलर

बरोबर विचारलंत. आमच्या काळी लॉगबुकात एक रिवाज होता. ऑपरेटरने लिहिलेल्या नोंदीखाली इनचार्जला नुसती सही करता येत नसे, काय केलं ते एक वाक्य लिहावं लागे. ‘सील मागवलं, गुरुवारी बसवू’ एवढं चालत असे. ‘बघितलं’ चालत नसे. आणि तीच नोंद तिसऱ्यांदा आली तर रजिस्टर आपोआप मॅनेजरच्या टेबलावर जाई. बघा जमलं तर.

---

सूक्ष्ममापी

काका, जसंच्या तसं घेतलं. तिसरीपाळी, मसुद्यात ते आता पहिल्या पानावर आहे, मेल आणि रिपोर्टच्या आधी. कायम, कंत्राटी, ट्रेनी, मशीनवर उभा असलेला कुणीही रजिस्टरात लिहू शकेल, मराठीत किंवा हिंदीत. लिहिता येत नसेल तर सांगेल आणि सुपरवायझर त्याच्या नावाने लिहील. आणि दुसऱ्या प्लांटहून आलेली सूचना शिफ्ट सुरू होताना उभ्या उभ्या वाचून दाखवायची, रातराणी ताईंच्या पाळीसारखी. ऐकणाऱ्यांपैकी एकाने ती परत सांगायची.

साहेबांनी दोन पानांऐवजी तीन मान्य केली. बघण्यासाठी म्हणून जूनचाच रिपोर्ट नव्या पद्धतीने परत पाठवला. पहिल्या ओळीत लिहिलं : ‘क्वेंच टाकीत तेल आहे का ते बघा आणि शुक्रवारपर्यंत लिहा.’ खाली अंबडच्या एका सुपरवायझरचं नाव.

तिचं उत्तर आज सकाळी आलं. तसंच देतो. "लागू नाही. कारण आमच्याकडे पॉलिमर नाही, साध्या पाण्यात क्वेंच होतं. पण आमच्या वॉशिंग मशीनच्या टाकीची टक्केवारी आम्ही याच रिफ्रॅक्टोमीटरने बघतो आणि तिथे तेल रोजच असतं. तिथलं रीडिंगही खोटं असेल का? कसं तपासायचं ते माहीत नाही, कुणी येऊन दाखवेल का?"

गुरुवारी जातोय. वाळूजच्या त्या ऑपरेटरलाही बरोबर नेतोय, त्याच्या सुपरवायझरने हो म्हटलंय.